मांजराच्या संडासाचं गाणं आणि गंभीर लोकांची पंचाईत

१९९३-९४ च्या सुमारास जर्मनीत एक गाणं घराघरांत वाजत होतं. गाण्याचा विषय मांजराचा संडास. पाळलेल्या मांजरासाठी घराच्या कोपऱ्यात वाळूची पेटी ठेवतात, ती. पेटी आहे म्हणून मांजर खूश आहे, यापलीकडे त्या गाण्यात काही नाही. रूपक नाही, टोमणा नाही, मांजराच्या आडून सरकारला मारलेली कोपरखळी नाही. गाणारा माणूस अडतीस वर्षांचा, आणि चेहरा असा की हे जगातलं शेवटचं महत्त्वाचं गाणं आहे.

त्याचं नाव हेल्गे श्नायडर. जर्मन माणसाजवळ हे नाव काढलं की दोहोंपैकी एक गोष्ट होते. एक तर समोरचा कपाळाला हात लावतो. नाहीतर खुर्ची पुढे ओढून, आवाज जरा खाली आणून सांगतो, ‘पण तुम्हाला ठाऊक आहे का, तो मुळात फार तयारीचा जाझवाला आहे.’ पुण्यात जर्मन शिकत असताना आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनीही अगदी हेच सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या वांड भाच्याची बाजू घेणाऱ्या मावशीचा भाव होता. मुलगा हुशार आहे हो, फक्त जरा असा आहे.

माझं भांडण या ‘पण’शी आहे. वरवर ती स्तुती वाटते. तिच्या पोटात मात्र एक प्रतवारी दडलेली आहे: जाझ ही खरी गोष्ट, वेडेपणा हा वरचा कागद. कागद फाडून टाका, आत माल चांगला आहे. वेडेपणाला परवानगी मिळते ती तयारीचा दाखला जोडल्यावर. ही प्रतवारी गप्पांपुरती राहिली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पण ती पैशात, पुरस्कारांत, कायद्यात आणि रेडिओच्या वेळापत्रकांत उतरते, आणि आपल्याकडे तर ती फार पूर्वीच उतरलेली आहे.

आधी तयारीचं काय ते सांगून टाकतो, म्हणजे तो विषय बाजूला होईल. श्नायडर १९५५ चा, रूर नदीकाठच्या म्युलहाइमचा. कोळसा आणि पोलादाचा मुलूख. पाचव्या वर्षापासून पियानो. शाळा अर्धवट सोडली, इमारतींचे नकाशे काढायचं शिक्षण घेतलं, मग विशेष गुणवत्तेची परीक्षा देऊन डुइसबुर्गच्या संगीतशाळेत पियानो शिकायला गेला आणि तीही सोडली. मूकपटांना पियानोची साथ केली. पियानोखेरीज सॅक्सोफोन, व्हायब्राफोन, ट्रम्पेट, गिटार, अकॉर्डियन, ड्रम, जे हाताला लागेल ते तो वाजवतो. साथीला एके काळी स्पेन्सर डेव्हिस ग्रुप या ब्रिटिश बँडमध्ये असलेला पीट यॉर्कसारखा ड्रमवादक घेतो. त्याचा पियानो डोळे मिटून ऐकला तर अमेरिकन जाझ पियानोवादक थेलोनियस मंकची सावली स्पष्ट ऐकू येते: अडखळल्यासारखे वाटणारे पण नेमक्या जागी पडणारे स्वर, आणि मधली मोकळी जागा. झालं. दाखला जोडला. आता तो फाडून टाकू.

कारण श्नायडरच्या कार्यक्रमात ‘आता जाझ’ आणि ‘आता विनोद’ असे कप्पेच नाहीत. तो स्वतःला ‘गाणारा हेरेनटोर्टे’ म्हणवून घ्यायचा. हेरेनटोर्टे हा तिकडचा एक केक, खास पुरुषमंडळींसाठी बनवलेला म्हणे. एखादी संथ रचना सुरू होते, पियानो अगदी मन लावून वाजतो, खोली गप्प होते, आणि मध्येच तो थांबून एखादी गोष्ट सांगायला लागतो. ती गोष्ट कुठेही जात नाही. एखादा शब्द सापडत नाही म्हणून तो चाचपडतो, सापडलेला शब्द चुकीचा असतो, त्या चुकीच्या शब्दाचं बोट धरून गोष्ट भलत्याच गल्लीत शिरते. मग पुन्हा पियानो, आधी सोडला होता तिथूनच. बोडो नावाचा एक गृहस्थ वर्षानुवर्षं मंचावर येऊन त्याला चहा देत असे. चहा आणणं हेच त्याचं काम. सेर्गेई ग्लाइटमान नावाचा लांब दाढीचा दुसरा एक गृहस्थ येऊन कसरतीसारखं नाचतो आणि जातो. का, ते विचारायचं नाही.

सुरुवातीला मला यात ‘चांगलं वाजवणं’ आणि ‘मुद्दाम बिघडवणं’ अशी आलटापालट दिसायची. काही महिने ऐकल्यावर लक्षात आलं की बिघडलेलं असं काही नव्हतंच. गोष्टीत तो जिथे थांबतो ती जागा आणि पियानोत तो जिथे थांबतो ती जागा एकाच मोजमापाची आहे. नाटकवाले ज्याला टायमिंग म्हणतात आणि गाणारे ज्याला लय म्हणतात ते दोन्ही एकाच डब्यातून काढलेलं असतं. जाझमध्ये ऐकणाऱ्याला पुढचा स्वर येण्याआधीच त्याची चाहूल लागलेली असते. वादक ती चाहूल खरी करतो, थोडी लांबवतो किंवा साफ मोडतो. विनोदी गोष्ट सांगणाराही अगदी हेच करतो. फरक एवढाच की पहिल्या वेळी माणसं डोळे मिटून मान हलवतात आणि दुसऱ्या वेळी फिसकन हसतात.

आपल्या बैठकीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. तबलजी तिहाई घेतो, आता समेवर येणार असं सगळ्या खोलीला वाटतं, आणि पठ्ठ्या शेवटचा ‘धा’ एक मात्रा आधीच टाकून मोकळा होतो, गायकाकडे बघून हसतो, आणि पुढच्या आवर्तनात सम अशी गाठतो की खोली खदखदते. त्या हशाला आपण ‘दाद’ म्हणतो. विनोद म्हणत नाही, कारण तबलजीने विग घातलेला नसतो. सवाल-जवाबात सतारीची नक्कल तबल्याने करणं, लावणीतल्या ढोलकीवाल्याने नाचणारीच्या पावलाला चकवणं, यात किती शुद्ध गंमत आहे हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी कार्यक्रमपत्रिकेत आपण लिहितो ‘भावगर्भ’ आणि ‘चिंतनशील’.

आता प्रतवारीकडे. जर्मनीत संगीताचे दोन वर्ण आहेत. ‘ए’ म्हणजे अर्न्स्ट, गंभीर. ‘ऊ’ म्हणजे उंटरहाल्टुंग, मनोरंजन. ही नुसती बोलण्यातली सोय नव्हे. संगीतकारांच्या हक्काचे पैसे गोळा करून वाटणारी गेमा नावाची जी संस्था आहे, तिच्या वाटपात या दोन अक्षरांना दशकानुदशकं वजन राहिलं. या व्यवस्थेची मुळं १९०३ पर्यंत जातात, जेव्हा रिचर्ड श्ट्राउस आणि त्यांच्या सोबत्यांनी जर्मन संगीतकारांची संघटना उभी केली. गंभीर रचनेला गुण देताना वाद्यं किती आणि मिनिटं किती हे पाहिलं जाई. म्हणजे वाद्यवृंद मोठा आणि रचना लांबलचक असेल तर गांभीर्याचं माप वाढतं. आपल्या लग्नपत्रिकेवरच्या मानकऱ्यांच्या यादीसारखंच हे. जाझची या घरात कायम अडचण झाली. कागदावर लिहिलेलं थोडं, मंचावर सुचलेलं फार. ते ‘ए’त बसेना आणि ‘ऊ’त शोभेना. बहुतेक वेळा ते ‘ऊ’त गेलं. आणि ‘ऊ’तही जो माणूस मांजराच्या संडासावर गातो तो आणखी खालच्या पायरीवर.

कराचंही तसंच. जर्मनीत संगीत मैफिलीच्या आणि नाटकाच्या तिकिटावर सात टक्के मूल्यवर्धित कर लागतो, नुसत्या करमणुकीवर एकोणीस. त्यामुळे बर्लिनच्या टेक्नो क्लबांना न्यायालयात जाऊन सिद्ध करावं लागलं की आमच्याकडे लोक संगीत ऐकायला येतात, केवळ नाचायला आणि प्यायला नाही. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च वित्त न्यायालयाने टेक्नो आणि हाउस संगीताच्या कार्यक्रमांनाही सवलतीचा दर लागू होऊ शकतो असा निर्णय दिला. निर्णय चांगला झाला. पण डगला घातलेले न्यायाधीश बसून ‘ही मैफल की ही पार्टी’ ठरवताहेत, हे दृश्य श्नायडरच्या कुठल्याही प्रवेशापेक्षा कमी विनोदी नाही.

अमेरिकेत हाच खेळ पुरस्कारांच्या मैदानात झाला. १९६५ मध्ये पुलित्झरच्या संगीत परीक्षकांनी जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनला त्याच्या एकूण कामगिरीसाठी विशेष गौरव द्यावा असं सुचवलं, आणि वरच्या मंडळाने ते फेटाळलं. दोन परीक्षकांनी राजीनामे दिले. एलिंग्टन तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता. तो म्हणाला, नियतीची माझ्यावर मेहेरबानी आहे. इतक्या लहान वयात मी फार प्रसिद्ध व्हावं असं तिला वाटत नाही. जाझला पहिलं संगीताचं पुलित्झर मिळालं १९९७ मध्ये, विंटन मार्सालिसला, गुलामगिरीवरच्या जवळपास तीन तासांच्या रचनेसाठी. रचना मोठीच आहे, वाद नाही. पण दार उघडलं ते विषय गंभीर, लांबी भरपूर आणि पोशाख नीटनेटका असल्यावर, हे नजरेआड करता येत नाही.

इथे माझ्या म्हणण्याला सगळ्यात भक्कम उत्तर आहे, आणि ते माइल्स डेव्हिस या काळ्या जाझ ट्रम्पेटवादकाचं आहे. डेव्हिसला लुई आर्मस्ट्राँग आणि डिझी गिलेस्पी या दोन काळ्या ट्रम्पेटवादकांचं वाजवणं प्रिय होतं. त्यांचं मंचावर दात काढून हसणं आणि विदूषकी करणं त्याला सहन होत नसे, आणि आत्मचरित्रात त्याने ते सरळ लिहिलं आहे. कारण उघड होतं. अमेरिकेत गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून काळ्या माणसाची टर उडवण्याचे खेळ शंभर वर्षं चालवले होते. त्या देशात काळ्या वादकाने गोऱ्या गिऱ्हाइकांसमोर खदखदून हसणं ही नुसती गंमत राहत नाही. त्याच्यामागे एक जुनं कर्ज उभं असतं. म्हणून मॉडर्न जाझ क्वार्टेटचे चौघे टक्सिडो घालून वाजवत. म्हणून डेव्हिस श्रोत्यांकडे पाठ फिरवून उभा राहायचा. ते गांभीर्य ही चैन नव्हती. तो आत्मसन्मानाचा लढा होता, आणि म्युलहाइमच्या गोऱ्या श्नायडरला तो कधी लढावा लागला नाही. जर्मन रंगमंचावर त्याने वेड पांघरलं तर त्याच्या जातकुळीची इज्जत पणाला लागत नाही. जो हसतो आणि ज्याला हसवायला भाग पाडलं जातं, यांच्यात फरक आहे, आणि तो पुसून टाकणारा कुठलाही युक्तिवाद मला मान्य नाही.

तरीही डेव्हिसचं निदान गिलेस्पीला लागू पडतं का, याबद्दल मला शंका आहे. १९६४ मध्ये हाच गिलेस्पी अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभा राहिला. जाहीरनामा असा: व्हाइट हाउसचं नाव बदलून ब्लूज हाउस करायचं, एलिंग्टन परराष्ट्रमंत्री, ड्रमवादक मॅक्स रोच संरक्षणमंत्री, आणि माइल्स डेव्हिस सीआयएचा प्रमुख. (डेव्हिसइतका कमी बोलणारा माणूस हेरखात्याला दुसरा कुठला मिळणार होता!) प्रचाराच्या बिल्ल्यांचे पैसे नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेकडे गेले. यात कोण कुणाची करमणूक करत होतं? ज्या वर्षी नागरी हक्क कायदा झाला त्याच वर्षी एक काळा ट्रम्पेटवादक सांगत होता की तुमचं मंत्रिमंडळ मी यापेक्षा चांगलं बनवेन, आणि तुम्ही हसता आहात कारण ते खरं असू शकतं हे तुम्हाला कळलं आहे.

स्लिम गेलार्ड तर त्याच्याही पुढे. गिटार आणि पियानो वाजवणारा हा माणूस स्वतःची एक भाषा बोलायचा, ‘व्हाउट’ नावाची. वाटेल त्या शब्दाला वाटेल ती शेपटी लावून तयार केलेली. १९३८ मध्ये बासवादक स्लॅम स्टुअर्टबरोबर केलेल्या निरर्थक शब्दांच्या गाण्याने तो प्रसिद्ध झाला. पुढे सिमेंट कालवण्याच्या यंत्रावर गाणं केलं. १९४५ मध्ये त्याच्या एका ध्वनिमुद्रणात चार्ली पार्कर आणि गिलेस्पी साथीला होते: बीबॉप या तेव्हाच्या नव्या, वेगवान जाझचे दोन मुख्य शिल्पकार आणि मधोमध एक माणूस अगम्य बडबड करतोय. दुसऱ्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या एका रेडिओ केंद्राने तरुण पिढी बिघडते म्हणून असल्या संगीतावर बंदी घातली, आणि आक्षेपांच्या यादीत दुहेरी अर्थाची बडबड हाही एक होता. या बंदीमागची भीती मला पूर्ण समजते. जी भाषा आपल्याला कळत नाही तिच्यात आपलीच टिंगल चालली असेल, असं मालकाला नेहमीच वाटतं. आणि बऱ्याचदा ते बरोबर असतं.

नेदरलँड्समध्ये गोष्ट वेगळ्या दिशेने गेली, आणि धोरणाच्या दृष्टीने मला तीच जास्त शिकण्यासारखी वाटते. मिशा मेंगेलबर्ग हा पियानिस्ट संगीतातल्या खानदानी घराण्यातला. त्याचे चुलत आजोबा विलेम हे अॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदाचे नामांकित संचालक. १९६४ च्या जूनमध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी अमेरिकन जाझवादक एरिक डॉल्फीने हिल्व्हर्समला जे ध्वनिमुद्रण केलं त्यात पियानोवर मेंगेलबर्ग आणि ड्रमवर हान बेनिंक होता. पाच वर्षांनी, १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये, हेच मेंगेलबर्ग काही तरुण संगीतकारांसोबत त्याच कॉन्सर्टखेबाउमध्ये शिरले आणि मैफल सुरू होताच आवाज करणारी खेळणी वाजवून त्यांनी ती बंद पाडली. मागणी अशी की संगीताचे सार्वजनिक पैसे कुणाला आणि कसे मिळतात यावर उघड चर्चा व्हावी. ही मागणी निवेदन देऊनही करता आली असती. निवेदन मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नसतं.

मेंगेलबर्गने पुढे आपल्या घरच्या पोपटाबरोबर केलेलं वादन ध्वनिमुद्रिकेवर आणलं. पोपटाचं नाव एको. दुसऱ्या बाजूला त्याच मुद्रिकेत डॉल्फी. बेनिंक तर ड्रमचा संच सोडून काठ्या घेऊन मंचाच्या जमिनीवर बसतो, फळ्या वाजवतो, पाय उचलून ड्रमच्या कातड्यावर ठेवतो आणि टाचेने स्वर वर-खाली करतो. ऐकताना हसू येतं आणि त्याच वेळी लक्षात येतं की टाचेने स्वर बदलण्याचं हे तंत्र भलतंच अवघड आहे. अशा लोकांसाठी अॅमस्टरडॅममध्ये १९७४ साली बिमहाउस हे जाझचं सभागृह उभं राहिलं, आणि डच सरकारने उत्स्फूर्त संगीताला वर्षानुवर्षं अनुदान दिलं. पोपटवाल्यालाही. पुढे २०११ मध्ये सांस्कृतिक खर्चातून वीस कोटी युरो कापण्याचा निर्णय जाहीर झाला तेव्हा उजव्या पक्षांनी कलेला ‘डाव्यांचे छंद’ म्हणून हिणवलं. कात्री चालवणाऱ्यांच्या लेखी सिंफनी आणि पोपट दोघेही सारखेच फालतू होते. गांभीर्याचा दाखला ऐन वेळी कुणाच्याही कामी आला नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की गंभीर-अगंभीर अशी सरकारी वर्गवारी काय करते याचा प्रयोग आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे, आणि तो करणारे मंत्री पुण्याचे होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ पासून दहा वर्षं माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीत वाचलं पाहिजे ही त्यांची तळमळ खरी होती, आणि आकाशवाणीने कित्येक कलावंतांना पोट भरण्याचं साधन दिलं हेही खरं. पण चित्रपटसंगीत त्यांना हीन वाटे, आणि त्यांच्या काळात ते आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झालं. लोकांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटी आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. त्याच वर्षी ‘ईना मीना डीका’ आलं. चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची. त्यात स्विंगचा ठेका चोख आहे, वाद्यमेळ घट्ट बांधलेला आहे, शब्द मुलांच्या खेळातल्या मोजणीसारखे निरर्थक आहेत आणि मधूनच कोकणी ‘माका नाका’ सरळ कानावर येतं. त्या काळच्या मुंबईच्या स्टुडिओत ब्रासचे बहुतेक वादक गोव्याचे होते. रात्री हॉटेलात जाझ वाजवायचं आणि दिवसा हिंदी सिनेमात. आल्डोनाच्या चिक चॉकलेटचा वाद्यवृंद १९५१ च्या ‘अलबेला’त पडद्यावरही दिसतो. भगवानदादा नाचतात, मागे ट्रम्पेट. तयारी आणि थिल्लरपणा असं वेगळं काढून दाखवायला सांगितलं तर कुठे सुरी लावणार?

याच आकाशवाणीत पु. ल. देशपांडे नोकरी करत होते. त्यांचा हात ज्या पेटीवर बसलेला होता ती पेटी आकाशवाणीवर १९४० पासून निषिद्ध होती आणि १९७१ पर्यंत राहिली. पेटीत श्रुती सापडत नाहीत, मींड निघत नाही, वाद्य परदेशी आहे, अशी कारणं. म्हणजे हसवणारा माणूस चालेल, पण त्याचं वाद्य गंभीर प्रसारणाला चालणार नाही! पु.लं.बद्दलही आपण आजवर तोच ‘पण’ वापरत आलो: विनोदी लेखक, पण पेटी काय वाजवायचे! ज्याने त्यांची पेटी आणि त्यांचं बोलणं दोन्ही ऐकलं आहे त्याला विचारा, दोन वाक्यांमधली त्यांची थबक कुठून आली होती.

आजचा कायदाही या सवयीतून सुटलेला नाही. वस्तू आणि सेवा कराच्या २०१७ च्या सवलतींच्या यादीत कलावंताला सूट आहे, पण ती ‘लोककला किंवा शास्त्रीय’ प्रकारातल्या संगीत, नृत्य, नाट्याच्या सादरीकरणाला, आणि मानधन दीड लाखाच्या आत असेल तर. दीड लाखाची मर्यादा मला योग्य वाटते. मोठ्या कमाईवर कर लागावा. पण मग प्रकाराची अट कशाला? कमी कमावणाऱ्या कलावंताला सूट, एवढं पुरेसं नव्हतं का? समजा श्नायडर उद्या दादरला आला आणि लाखभर रुपयांत वाजवून गेला, तर त्याला कुठल्या खणात टाकणार? मांजराचा संडास ही रूर खोऱ्याची लोककला आहे असं कुणी प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल.

सार्वजनिक पैशाचा प्रश्न मी टाळत नाही. ज्याचे कार्यक्रम आधीच भरतात त्याला अनुदान द्या असं मी म्हणत नाही, आणि श्नायडरला त्याची गरजही नाही. ज्या वादकसंचाला तिकीटविक्रीतून जगता येत नाही त्याला हात द्यावाच. फक्त तो देताना त्याची अडचण, त्याने पत्करलेली जोखीम, त्याच्या कामाचा कस हे बघा. तो हसतो की नाही ते बघू नका. डच लोकांनी पोपटवाल्याला पैसे दिले तेव्हा नेमकं एवढंच केलं होतं.

पण प्रतवारीला आणखी एक चोरवाट आहे, आणि तिथून आपण सुशिक्षित रसिक रोज ये-जा करतो. ती म्हणजे ‘आशय’. मराठी नाटकाच्या जाहिराती काढून बघा: ‘हसता हसता अंतर्मुख करणारे’. हसवणं मान्य, पण शेवटी डोळ्यांच्या कडा ओलावल्या पाहिजेत, समाजाचं काहीतरी भलं झालं पाहिजे. जर्मनीत राजकीय काबारेटला, म्हणजे मंचावरून केलेल्या राजकीय टिंगलीला, हाच मान आहे, कारण तो सरकारवर ताशेरे मारतो. ज्या विनोदाचा काही उपयोग नाही त्याला तिथे इंग्रजी ‘कॉमेडी’ हा शब्द वापरतात, आणि तो शब्द उच्चारताना नाक जरा वर जातं. श्नायडर दोन्हींत बसत नाही. तो उपयोगी पडायलाच नकार देतो. अलेक्झांडर क्लूगेसारखा विद्वान चित्रपटकार टीव्हीवर त्याच्या मुलाखती घ्यायचा, श्नायडर एखादं सोंग घेऊन बसायचा आणि तज्ज्ञाच्या थाटात अगम्य उत्तरं द्यायचा. क्लूगे अत्यंत गांभीर्याने पुढचा प्रश्न विचारायचे. ज्ञान कसं दिसतं आणि कसं ऐकू येतं, याची इतकी अचूक नक्कल मी दुसरीकडे पाहिली नाही. पण तिच्यातून ‘संदेश’ काढायला गेलात तर हातात वाळूची पेटी येईल.

उपयोगी करून घेण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. २००७ मध्ये डानी लेव्हीच्या चित्रपटात श्नायडरने हिटलरची भूमिका केली. विषय एवढा वजनदार की कुणी त्याला आता थिल्लर म्हणू शकलं नसतं. प्रदर्शनाच्या तोंडावर श्नायडरने जाहीरपणे चित्रपटापासून हात झटकले. शेवटी जे तयार झालं त्यावर आपल्याला हसू येत नाही, असं त्याचं म्हणणं. पुष्कळांना ते चमत्कारिक वाटलं. मला ते त्याच्या पूर्ण कारकिर्दीतलं सगळ्यात सरळ वाक्य वाटतं. विनोदाने काय शिकवलं हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. हसू आलं का, एवढंच विचारलं. गवई सूर लागला का विचारतो, तसं.

२०२१ च्या जुलैत, महासाथीचे निर्बंध असताना, आउग्सबुर्गला त्याचा उघड्यावरचा कार्यक्रम होता. प्रेक्षक अंतराअंतरावर ठेवलेल्या, समुद्रकिनाऱ्यावर असतात तसल्या वेताच्या टोपलीवजा आसनांत दोघा-दोघांनी बसलेले. मधून वाढपी खाण्यापिण्याचे ट्रे घेऊन फिरताहेत. काही वेळ वाजवून-बोलून झाल्यावर श्नायडर थांबला, या व्यवस्थेत लोकांशी संपर्कच जुळत नाही असं म्हणाला, आणि कार्यक्रम अर्ध्यावर सोडून निघून गेला. वर्तमानपत्रांतून दोन-तीन दिवस बरीच चर्चा झाली: एवढा गमत्या माणूस, आणि इतकं मनावर घेतलं?